रोबोचा रिमोट आणि तुटलेला सिग्नल

महाड-पोलादपूरच्या शाळांत विज्ञान प्रदर्शन भरलं की एखादा तरी रोबो हमखास असतो. चार चाकं, प्रोग्राम चालवणारा एक आर्डुइनो बोर्ड, वर झिप टायने आवळलेली बॅटरी आणि मुलाच्या हातात मोबाइल. पडद्यावरचा बाण दाबला की गाडी पुढे जाते, दुसरा दाबला की वळते. या गाड्यांमध्ये बहुधा एचसी-०५ हे बोटभर लांबीचं ब्लूटूथ मॉड्यूल असतं आणि त्याचा पल्ला दहा मीटरच्या आसपास. वर्गात तेवढा पुरतो. मैदानावर मात्र मुलांना गाडीच्या मागे धावावं लागतं. दुरून चालवायचा म्हणून बनवलेल्या यंत्रामागे धावणं कुणालाच पटत नाही, आणि मग विषय निघतो खऱ्या रेडिओ रिमोटचा.

‘मग इंटरनेटवरूनच चालवला तर?’ हा प्रश्न हुशार मुलं लगेच विचारतात. त्याचं उत्तर या भागाला वेगळं शोधायला नको. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी भरलं, वीज गेली, मोबाइल मुके झाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि झालेला प्रकार बाहेर कळायलाही वेळ लागला. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवरही दरडी आल्या. टॉवरवर विसंबलेली प्रत्येक गोष्ट टॉवरबरोबरच बंद पडते. हातातला ट्रान्समीटर आणि यंत्रावरचा रिसीव्हर यांच्यामध्ये तिसरं कुणी नसतं: ना टॉवर, ना कंपनी, ना रिचार्ज. जिथे दर पावसाळ्यात रस्ता, वीज आणि नेटवर्क एकदमच जाऊ शकतं, तिथल्या मुलांनी ही थेट जोडणी शिकायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट तारेशिवाय चालवून दाखवली होती. आपल्याकडचं उदाहरण पुण्याजवळच्या दिघीचं. तिथल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करण्यासाठी ‘दक्ष’ हा रोबो तयार केला आणि २०११ मध्ये त्याची पहिली तुकडी लष्कराकडे गेली. सुमारे साडेतीनशे किलोचं ते यंत्र. मध्ये अडथळा नसेल तर माणूस ५०० मीटर दूर राहून ते चालवू शकतो. शाळेतला रोबो दीड-दोन किलोचा असतो, पण दोघांपुढचा प्रश्न एकच: माणूस आणि यंत्र यांच्यातला सिग्नल मध्येच तुटला तर यंत्राने काय करायचं? जोडणी शिकताना हा प्रश्न शेवटी येतो. तो पहिल्यापासून डोक्यात हवा.

आधी सामान. शिकण्यासाठी भारतात सर्रास मिळणारा संच म्हणजे फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय६ रिमोट आणि त्याच्याबरोबरचा सहा चॅनेलचा रिसीव्हर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतो, घरपोचही येतो. रिमोटमध्ये चार पेन्सिल सेल लागतात. रिसीव्हरवर प्रत्येक चॅनेलला तीन पिना: सिग्नल, प्लस, मायनस. सिग्नलच्या पिनेवर सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक पल्स येते. स्टिक मधोमध असली की ती पल्स १५०० मायक्रोसेकंद टिकते, एका टोकाला नेली की १०००, दुसऱ्या टोकाला २०००. सर्वो मोटर असो, ड्रोन असो की चार चाकांचा रोबो, रिमोटची सारी भाषा या हजार ते दोन हजारांच्या पट्ट्यात मावते.

रिमोट आणि रिसीव्हर यांची ओळख करून देणं म्हणजे बाइंड करणं. रिसीव्हरच्या बाइंडच्या पिनांवर सोबत आलेली छोटी वायर खोचायची, त्याला करंट द्यायचा, त्याचा दिवा भराभर लुकलुकू लागला की रिमोटचं बाइंडचं बटण दाबून धरूनच रिमोट सुरू करायचा. जोडी जमली की वायर काढून टाकायची. यानंतर तो रिसीव्हर फक्त त्याच रिमोटचं ऐकतो. हे किती महत्त्वाचं आहे ते एनआरएफ२४ हे रेडिओ मॉड्यूल वापरून स्वतःचा रिमोट बनवणाऱ्या मुलांना प्रदर्शनात कळतं. सगळ्यांनी प्रोग्राम त्याच त्या नमुन्यावरून उतरवलेला असतो. त्यात पत्ता ‘००००१’ असतो आणि चॅनेल लायब्ररीने ठरवलेलं, ७६. मग शेजारच्या टेबलावरची स्टिक हलली की आपली गाडी निघते. पत्ता बदला, चॅनेल बदला, एवढ्याने हा घोळ मिटतो. तयार संचात ते काम बाइंड करतानाच होतं.

शिवाय तयार संच एकाच फ्रिक्वेन्सीवर बसून राहत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो सतत जागा बदलत राहतो, आणि रिसीव्हरला त्या उड्यांचा क्रम माहीत असतो. वायफायने एक जागा अडवली तरी पुढची मोकळी मिळते. या युक्तीची एक जुनी नोंद म्हणजे अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये मिळालेलं पेटंट. त्यांना शत्रूला जाम करता न येणारा टॉर्पेडो हवा होता. हौशी लोकांच्या हातात ही सोय आली ती २००५ च्या सुमारास. त्याआधी २७ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर क्रिस्टल बदलून चॅनेल निवडावं लागे, आणि एकाच चॅनेलवर दोघांनी रिमोट सुरू केला की एकाचं विमान खाली यायचं.

स्टिकच्या निवडीत एक धोका लपलेला आहे. हे रिमोट मुळात उडणाऱ्या यंत्रांसाठी बनतात. त्यांची डावी स्टिक वर-खाली जिथे सोडाल तिथेच राहते, कारण विमानाला एकसारखा थ्रॉटल लागतो. जमिनीवरच्या रोबोला हे घातक. हात सुटला की रोबो थांबला पाहिजे, म्हणून पुढे-मागे आणि डावं-उजवं दोन्ही उजव्या स्टिकवर घ्यावं. ती स्प्रिंगने मध्यावर परत येते. दोन बाजूंच्या मोटरांचं गणित सोपं आहे. डाव्या मोटरला पुढची आज्ञा अधिक वळण, उजव्या मोटरला पुढची आज्ञा उणे वळण. ही बेरीज-वजाबाकी आर्डुइनोत करता येते, किंवा रिमोटच्या मेन्यूतला एलेव्हॉनचा पर्याय सुरू केला की रिमोटच ती करतो. तो पर्याय शेपूट नसलेल्या विमानांसाठी आहे, पण रणगाड्यासारख्या वळणाऱ्या गाडीला अगदी चपखल बसतो.

आता सिग्नल तुटण्याकडे येऊ. संपर्क तुटल्यावर रिसीव्हर तीनपैकी एक गोष्ट करतो. शेवटची आज्ञा धरून ठेवतो, पल्स देणंच बंद करतो, किंवा आपण आधी ठरवून दिलेली किंमत देतो. पहिला प्रकार सर्वांत वाईट, कारण पुढे जा म्हणत असताना सिग्नल गेला तर रोबो पुढेच जात राहतो. तिसरा प्रकार म्हणजे फेलसेफ. एफएस-आय६ मध्ये सिस्टिम मेन्यूत रिसीव्हरच्या सेटिंगखाली तो सापडतो: प्रत्येक चॅनेलसाठी स्टिक मध्यावर ठेवून फेलसेफ सुरू करायचा आणि जतन करायचा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

दुसरा प्रकार, म्हणजे पल्स बंद होणं, वरकरणी सुरक्षित वाटतो. पल्स नाही म्हणजे मोटर बंद, असं मुलं गृहीत धरतात. आर्डुइनोत नेमकं काय होतं ते इथे जवळून पाहू. पल्स मोजण्यासाठी आपण ‘पल्सइन’ वापरतो. पल्स आलीच नाही तर ते शून्य परत देतं. पुढच्या ओळीत ‘मॅप’ असतं, जे १००० ते २००० चा पट्टा उणे २५५ ते अधिक २५५ वर बसवतं. त्यात शून्य टाकून पाहा: उत्तर येतं उणे ७६५. त्याखालच्या ओळीतलं ‘कन्स्ट्रेन’ हा आकडा उणे २५५ वर आणून ठेवतं. उणे २५५ म्हणजे पूर्ण वेगाने मागे! म्हणजे सिग्नल गेल्याबरोबर रोबो थांबत नाही, उलट जिवाच्या आकांताने मागे सुटतो, आणि मागे बहुतेक वेळा बघ्यांचे पाय असतात. प्रोग्राममध्ये एकही ओळ चुकलेली नसते, फक्त ‘पल्स नाही’ या अवस्थेचा विचार कुठेच केलेला नसतो.

उपाय एका ओळीचा. मोजलेली पल्स ९०० पेक्षा कमी किंवा २१०० पेक्षा जास्त असेल तर दोन्ही मोटरांना शून्य. त्याच्या जोडीला पल्सइनला थांबण्याची मुदत द्यायची, २५ हजार मायक्रोसेकंद. मुदत दिली नाही तर ते पल्सची वाट पाहत पूर्ण एक सेकंद अडून बसतं, आणि तेवढा वेळ मोटरांना आधीचीच आज्ञा लागू राहते. मिनिटाला ३०० फेऱ्यांची मोटर आणि १० सेंटिमीटर व्यासाचं चाक असेल तर रोबो त्या एका सेकंदात दीड मीटर कापतो. काही रिसीव्हर संपर्क तुटल्यावरही सिरियल तारेवर आर्डुइनोकडे पॅकेट पाठवतच राहतात. तिथे नुसती पॅकेट येताहेत यावरून प्रोग्रामला काही कळत नाही, म्हणून रिमोटमधला फेलसेफ आणि प्रोग्राममधली तपासणी दोन्ही हवेत.

थांबणं म्हणजे तरी नेमकं काय, हे पोलादपूरच्या उतारांवर विचारावंच लागतं. मोटरचा पुरवठा तोडला की ती मोकळी फिरते. सपाटीवर रोबो पावलाभरात थांबतो, उतारावर गडगडत जातो. एल२९८एन या नेहमीच्या मोटर ड्रायव्हरमध्ये एनेबलची पिन बंद केली की मोटर मोकळी होते. एनेबल चालू ठेवून दोन्ही इनपुट सारखे केले की मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात आणि ती स्वतःच ब्रेकचं काम करते. म्हणून डोंगरातल्या रोबोच्या फेलसेफमध्ये दुसरी पद्धत लिहावी. खड्या चढावर तो ब्रेकही पुरत नाही. तिथे वर्म गिअरची मोटर घ्यावी, म्हणजे चाकाकडून मोटर उलटी फिरवता येत नाही.

सिग्नल तुटल्याची जेवढी गाऱ्हाणी येतात, त्यांतली बरीचशी सिग्नलची नसतातच. रोबो चिखलात रुतला, चाक अडलं, की मोटर जागच्या जागी थांबते आणि करंट कित्येक पटींनी वाढतो. बॅटरीचा दाब क्षणभर खाली जातो. रिसीव्हरला त्याच बॅटरीतून, त्याच ड्रायव्हरच्या पाच व्होल्टवरून पुरवठा दिलेला असेल तर तो चारच्या खाली घसरतो आणि रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रेंज गेली. अंतर वाढल्यावर थांबतो की जोर लागल्यावर थांबतो, एवढं बघितलं तरी दुखणं कुठलं ते कळतं. रिसीव्हर आणि आर्डुइनोला वेगळा पाच व्होल्टचा कन्व्हर्टर द्यावा. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ क्रमांकाचा सिरॅमिक कपॅसिटर डाखून टाकावा, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथेच विरतो. मोटरच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात आणि रिसीव्हर त्यांच्यापासून लांब बसवावा.

एवढं केल्यावर जो सिग्नल खरोखर तुटतो, तो अँटेनाचा आणि जमिनीचा मामला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा सुमारे ३१ मिलिमीटर. रिसीव्हरमधून ज्या दोन काळ्या वायरी बाहेर येतात, त्यांचं टोकाचं तेवढंच उघडं बोट खरी अँटेना असते. बाकीची लांबी नुसती तिथवर पोचण्यासाठी. ते टोक कापायचं नाही, वळवायचं नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दडपायचं नाही. दोन टोकं एकमेकांशी काटकोनात ठेवायची, म्हणजे रोबो कसाही वळला तरी निदान एक तरी नीट ऐकतं. सरबताची नळी उभी चिकटवून त्यात एक वायर ओवली की काम भागतं.

ड्रोनला अर्धा किलोमीटर पोचणारा हाच संच रोबोवर शंभर मीटरला का धापा टाकतो, हे अनेकांना उमगत नाही. दोन अँटेनांमध्ये नजरेची सरळ रेघ मोकळी असून भागत नाही. तिच्याभोवतीचा, मध्यावर फुगलेला एक लांबट पट्टा मोकळा लागतो. अंतर १०० मीटर असेल तर २.४ गिगाहर्ट्झला मध्यावर या पट्ट्याची त्रिज्या सुमारे १.८ मीटर भरते. रोबोची अँटेना जमिनीपासून एक वीतभर वर. म्हणजे त्या पट्ट्याचा मोठा हिस्सा जमिनीतच गाडलेला. रोबोवर फूटभर उंच काडी उभारून अँटेना तिच्या टोकाला नेली, आणि चालवणारा बांधावर उभा राहिला, तर पल्ला लक्षात येईल एवढा वाढतो. ट्रान्समीटरची ताकद वाढवण्याआधी हे करावं. त्याला पैसेही पडत नाहीत.

पावसाचं म्हणाल तर पडत्या सरी या लहरींना जवळजवळ अडवत नाहीत. अडवतात ती पानं. ओलं पान पाण्यानेच भरलेलं असतं, आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झची ऊर्जा शोषून घेतं. वैशाखात भाजलेल्या मोकळ्या शेतात जो रोबो लांबवर जातो, तोच भाद्रपदात कमरेएवढ्या भातातून थोड्या अंतरावरच अडखळतो. कारवीच्या रानात त्याहून वाईट. माणसाचं शरीरही पाण्याचंच. म्हणून रिमोट आणि रोबो यांच्यामध्ये गर्दी आली, किंवा चालवणारा पाठमोरा झाला, तरी सिग्नल खाली येतो.

अशा जागी कमी फ्रिक्वेन्सीचा संच कामी येतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झप्रमाणेच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टाही २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. ट्रान्समीटरची मर्यादा १ वॅट, अँटेनाचा जोर धरून ४ वॅट. लहर जवळजवळ पावणेतीनपट लांब असते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत, तितक्याच संवेदनशील रिसीव्हरवर, मोकळ्या जागेत पल्लाही त्याच पटीत वाढतो, आणि पानांतून ती जास्त सहज पार होते. जमिनीची अडचण मात्र सुटत नाही. मोकळा लागणारा पट्टा उलट अधिक रुंद होतो, १०० मीटरला सुमारे २.९ मीटर त्रिज्येचा. काडी इथेही हवीच.

हे संच घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. बाजारात ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूलं भरपूर आहेत, कारण अमेरिकेत तो पट्टा मोकळा आहे. तिथली ही उपकरणं ९०२ ते ९२८ मध्ये बोलतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ हा मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या आवाजाचा पट्टा. तिथे आपला रोबो बोलला तर आसपासच्या फोनची हाक टॉवरला ऐकू येताना अडथळा होतो, आणि ते बेकायदाही आहे. डोंगरात जिथे एकुलता एक टॉवर आधीच अशक्त असतो, तिथे तर हे अजिबात करू नये. एक्सप्रेसएलआरएस प्रणालीचं मॉड्यूल घेतलं तर फर्मवेअर टाकताना ‘आयएन ८६६’ हा पर्याय निवडता येतो. तो भारताच्या पट्ट्यासाठीच ठेवलेला आहे.

जोडणी पुरी झाल्यावरची चाचणी रोबो विटेवर ठेवून, चाकं अधांतरी असताना सुरू करायची. क्रम ठरलेला: आधी रिमोट चालू, मग रोबो, बंद करताना आधी रोबो, मग रिमोट. स्टिक पुढे ढकलून चाकं फिरत असतानाच रिमोटचं बटण बंद करायचं. चाकं थांबली पाहिजेत, लगेच, आणि दर वेळी. एकदा पुढे जाताना, एकदा मागे जाताना, एकदा वळताना, अशी तिन्ही वेळा बघायची. मग बॅटरी उतरत आली असताना पुन्हा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय रोबो विटेवरून खाली उतरवू नये, मग प्रदर्शनाचे परीक्षक दारात उभे असले तरी.

त्यानंतर पल्ला मोजायचा. एकाने रोबोजवळ थांबायचं, दुसऱ्याने रिमोट घेऊन चालत लांब जायचं आणि जिथे चाकं पहिल्यांदा अडखळली तिथे खूण करायची. त्या अंतराच्या निम्म्यापलीकडे रोबो कधीच न्यायचा नाही. हे मोजमाप एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसाळ्यात, दोन्ही वेळा करावं लागतं, आणि वापरायचा तो पावसाळ्यातला आकडा.

चाकांच्या रोबोनंतर मुलांना बोट करावीशी वाटते. नदीकाठच्या गावात ते साहजिकच आहे. महाडच्या मुलांना २०१६ चा ऑगस्ट माहीत असतो: महामार्गावरचा सावित्रीवरचा जुना पूल रात्री कोसळला, एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या आणि दिवसचे दिवस पाण्यात शोध चालला. पाण्यावर चालणारं, आत डोकावणारं यंत्र बनवावं ही त्यांची इच्छा मला फार मोलाची वाटते. मात्र बोटीचा फेलसेफ वेगळा विचार मागतो. मोटर बंद झाली तरी प्रवाह बंद होत नाही, सिग्नल गेलेली बोट थांबत नाही, वाहत जाते. म्हणून तिच्या फेलसेफमध्ये सुकाणू एका बाजूला आणि मोटर मंद, अशी किंमत ठेवतात. संथ पाण्यात ती जागच्या जागी गोल फिरत राहते आणि काठावरून माणसाला पोचायला वेळ मिळतो. सुरुवातीच्या फेऱ्या तळ्यात किंवा शेततळ्यात कराव्यात, नायलॉनची दोरी बांधून आणि सोबत मोठं माणूस घेऊन. सावित्रीत मगरी आहेत. बोट हातची गेली तर तिला जाऊ द्यावं, आणायला कुणीही पाण्यात उतरायचं नाही.